नांदूरमधमेश्वरला आठवीच्या विद्यार्थ्यांची अभ्याससहल : नियोजन कसे करावे?

प्रश्न | विज्ञान शिक्षिका, सिन्नर तालुका

सर्वांना नमस्कार. मी एका अनुदानित माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. आमच्या आठवीच्या दोन तुकड्यांत मिळून ७८ विद्यार्थी आहेत आणि येत्या जानेवारीत त्यांना निफाड तालुक्यातील नांदूरमधमेश्वर अभयारण्यात न्यावे, असे शाळेने ठरवले आहे. अभयारण्य आमच्यापासून फार दूर नाही, तरीही वर्गातील बहुतेक मुलांनी ते पाहिलेले नाही. गोदावरीचे नाव पाठ्यपुस्तकात वाचणाऱ्या या मुलांना ती नदी बंधाऱ्यापाशी आल्यावर काय होते, हे प्रत्यक्ष दिसावे, एवढीच माझी इच्छा आहे.

अडचण अशी आहे की शालेय सहलींचा एक ठरलेला साचा झाला आहे. बस थांबते, मुले उतरतात, गाईड पंधरावीस पक्ष्यांची नावे सांगतो, मागच्या रांगेतील मुलांना त्यातले काहीच ऐकू येत नाही, मग डबे उघडले जातात, फोटो काढले जातात आणि परतीचा प्रवास सुरू होतो. दुसऱ्या दिवशी ‘माझी सहल’ या विषयावर सर्वांचे निबंध जवळपास सारखेच येतात. या वेळी मला ते टाळायचे आहे.

मी सध्या ४० पाणपक्ष्यांची चित्रांसह यादी करत आहे. मुलांनी दिसलेल्या पक्ष्यापुढे खूण करावी आणि शेवटी कोणत्या गटाला किती पक्षी दिसले ते पाहावे, अशी कल्पना आहे. ही पद्धत योग्य आहे का? एवढ्या मुलांचे गट कसे करावेत? परवानगी, स्वच्छतागृह, सुरक्षितता यांबाबत काय काळजी घ्यावी? ज्यांनी शाळेच्या मुलांना घेऊन तेथे काम केले आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर १ | निसर्गशिक्षण कार्यकर्ता, नाशिक

मॅडम, आपण हा प्रश्न दोन महिने आधी विचारलात हे फार चांगले झाले, कारण पाणथळ जागेवरची सहल यशस्वी होते की नाही, हे बरेचसे शाळेतच ठरते.

यादीबद्दल माझे मत स्पष्ट आहे : ती करू नये. यादी हातात आली की मुलांचे लक्ष पक्ष्यावरून खुणेवर जाते. नाव कळले, खूण झाली, पुढचा पक्षी, असे सुरू होते आणि त्यात स्पर्धा मिसळली की न दिसलेले पक्षीही ‘दिसू’ लागतात. त्याऐवजी संपूर्ण सहलीसाठी एकच प्रश्न द्यावा : कोणता पक्षी किती खोल पाण्यात उभा आहे आणि तेथेच का?

या प्रश्नासाठी नांदूरमधमेश्वरइतकी सोयीची जागा शोधूनही सापडणार नाही. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सिंचनासाठी दगडी बंधारा बांधला गेला. बंधाऱ्यामागे पाण्याचा वेग मंदावला, नदीने आणलेला गाळ वर्षानुवर्षे तेथेच बसत गेला, आणि त्यातून उथळ पाणी, चिखलाचे पट्टे, लहान बेटे आणि पाणवनस्पतींचे दाट ताटवे तयार झाले. जलसाठा म्हणून पाहिले तर गाळ ही हानीच आहे, पण त्याच गाळाने पक्ष्यांना एकाच ठिकाणी वेगवेगळ्या खोलीचे पाणी उपलब्ध करून दिले. १९८६ मध्ये हे क्षेत्र अभयारण्य म्हणून घोषित झाले आणि २०२० च्या जानेवारीत महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून त्याचे नाव जाहीर झाले. डॉ. सालिम अली यांनी याला महाराष्ट्राचे भरतपूर म्हटले होते, ही गोष्ट गाईड सांगतीलच, पण बंधारा आणि गाळ यांची गोष्ट आपणच आधी सांगून ठेवावी.

सहलीच्या आठवडाभर आधी वर्गात एक साधा प्रयोग करावा. काचेच्या मोठ्या बरणीत शेतातील माती, थोडी वाळू आणि पाणी घालून बरणी जोरात हलवावी आणि खिडकीत ठेवून द्यावी. वाळू लगेच तळाशी बसते, बारीक गाळाला वेळ लागतो आणि सर्वांत बारीक कण दुसऱ्या दिवशीही पाणी गढूळ ठेवतात. वाहते पाणी थांबले की ते काय काय खाली टाकते, हे मुलांनी एकदा डोळ्यांनी पाहिले की बंधाऱ्यावर उभे राहून व्याख्यान देण्याची गरज उरत नाही.

आता प्रत्यक्ष काठावर. चापडगावच्या बाजूला निरीक्षण मनोरे आहेत, पण सर्वांना मनोऱ्यावर चढवण्याचा अट्टहास धरू नये. एका गटाला काठाचा एकच पट्टा द्यावा आणि किमान पाऊण तास त्याला तेथून हलवू नये. कागदावर काठापासून खोल पाण्यापर्यंत एक तिरकी रेघ काढून द्यावी आणि मुलांनी पक्षी जेथे दिसेल तेथे त्याचे ओबडधोबड चित्र काढावे. चिखलावर टिटवी, धोबी आणि तुतवार दिसतील. घोटाभर पाण्यात लांब गुलाबी पायांचा शेकाट्या आणि वाकड्या चोचीचा शराटी असेल. त्याहून थोड्या खोल पाण्यात चमचा आपली चपटी चोच डावीउजवीकडे फिरवत चालताना दिसेल, तर चित्रबलाक अर्धवट उघडी चोच पाण्यात बुडवून मासा लागण्याची वाट पाहील. पाणवनस्पतींवर कमळपक्षी असेल. त्याची लांबलचक बोटे टेलिस्कोपमधून अवश्य दाखवावीत, म्हणजे तो पानांवरून न बुडता कसा चालतो, हे मुले स्वतःच सांगतील. खोल पाण्यात वारकरी, टिबुकली आणि पाणकावळे बुड्या मारतात. अर्ध्या तासात रेघेवर पक्ष्यांची जी मांडणी दिसू लागते, ती कोणत्याही तक्त्यापेक्षा अधिक काही शिकवते.

एका पक्ष्यासाठी मात्र मुद्दाम वेळ राखून ठेवावा आणि तो म्हणजे थापट्या. हे बदक हिवाळ्यात आपल्याकडे मोठ्या संख्येने येते. त्याची चोच पुढे फावड्यासारखी रुंद असते आणि तिच्या कडांना बारीक कंगव्यासारखी दाती असतात. पाणी तोंडात घ्यायचे, कडांतून बाहेर सोडायचे आणि आत अडकलेले सूक्ष्म जीव गिळायचे, अशी त्याची खाण्याची रीत आहे. अनेक थापटे एकत्र आले की ते एकामागून एक गोल गोल पोहतात. त्यामुळे पाणी घुसळले जाऊन खालचे खाद्य वर येते आणि पुढच्याने ढवळलेल्या पाण्यातून मागच्याला ते मिळते. हे दृश्य दिसले तर गाईडला बोलू देऊ नये. ‘ही बदके गोल का फिरत आहेत?’ एवढेच विचारावे आणि पाच मिनिटे गप्प राहावे. मुलांची पहिली उत्तरे चुकतील, मग कोणीतरी चोचीकडे बोट दाखवेल.

पाण्याचा नमुना घेऊन त्यातील जीव पाहण्याचा मोह होईल. अभयारण्याच्या हद्दीत तसे काही गोळा करू नये. वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तेथून काहीही उचलण्यावर बंधने आहेत आणि मुलांना तो नियम कारणासह सांगणे हाही शिक्षणाचाच भाग आहे. नमुन्याचे काम आपल्या गावच्या पाझर तलावावर करावे. पांढऱ्या ताटलीत ओंजळभर पाणी आणि थोडे शेवाळ घेतले तरी चतुराच्या अळ्या, गोगलगायी आणि पाण्यातील किडे दिसतात. वर्गातली बरणी, तलावातली ताटली आणि मग नांदूरमधमेश्वर, असा क्रम ठेवला तर थापट्या नेमके काय गाळतो आहे, हे मुलांना आधीच ठाऊक असेल.

शेवटचा मुद्दा संख्येचा. ७८ मुले एकाच वेळी काठावर उभी राहिली तर पक्षी दूर सरकतात आणि पुढचे सारे नियोजन कागदावरच राहते. शक्य असल्यास दोन तुकड्या दोन वेगळ्या दिवशी न्याव्यात आणि प्रत्येक दिवशी बारा-तेरा मुलांचे तीन गट करून त्यांना वेगवेगळ्या जागा द्याव्यात.

उत्तर २ | मुख्याध्यापिका (निवृत्त), येवला

वरील उत्तर उत्तम आहे. मी फक्त व्यवस्थेविषयी लिहिते, कारण चांगल्या सहली बहुधा व्यवस्थेअभावी फसतात.

शिक्षण विभागाची सहलीची परवानगी आणि पालकांची लेखी संमतीपत्रे लवकर घ्यावीत. वन विभागाच्या वन्यजीव परिक्षेत्र कार्यालयाला मुख्याध्यापकांच्या सहीचे पत्र द्यावे आणि त्यात विद्यार्थिसंख्या, तारीख आणि वेळ नमूद करावी, म्हणजे त्याच दिवशी दुसऱ्या मोठ्या शाळेची गर्दी आहे का, हेही कळते. गाडीसाठी एसटीचा प्रासंगिक करार, म्हणजे पूर्ण बस भाड्याने घेण्याची सोय, पाहावा, शालेय सहलींना भाड्यात सवलत असते.

मुलींच्या स्वच्छतागृहाचा प्रश्न शेवटच्या क्षणी सोडवता येत नाही. वाटेतील एखाद्या शाळेच्या मुख्याध्यापकांना आधी दूरध्वनी करून जाताना आणि येताना तेथे थांबण्याची सोय करावी. अशा विनंतीला शाळा सहसा नकार देत नाहीत. स्वच्छतागृहाची खात्री नसली की अनेक मुली सकाळपासून पाणीच पीत नाहीत आणि दुपारी त्यांना चक्कर येते, हे शिक्षकांनी लक्षात ठेवावे.

निफाडची थंडी सर्वांना ठाऊक आहे. जानेवारीत सकाळी कानटोपी आणि स्वेटर हवेतच, मात्र ते भडक रंगाचे नसावेत. गणवेशाचा पांढरा शर्टही दुरून उठून दिसतो, त्यावर गडद स्वेटर असल्यास उत्तम. या तालुक्यात उसाच्या शेतांमध्ये बिबट्याचा वावर असतो. घाबरण्याचे कारण नाही, परंतु अंधार असताना पोहोचू नये, कोणीही एकट्याने उसाच्या कडेला जाऊ नये आणि प्रत्येक गटाच्या शेवटी एक शिक्षक असावा. पोहणारी मुले पाण्याला घाबरत नाहीत, म्हणून काठावर त्यांच्याकडेच अधिक लक्ष द्यावे. तेथील गाळ वरून घट्ट दिसतो, पण पाय आत जातो.

उत्तर ३ | पक्षीनिरीक्षक, छत्रपती संभाजीनगर

पहिल्या उत्तरातील एका मुद्द्याशी मी सहमत नाही. यादी नको, हे मान्य, पण मोजणी टाकून देऊ नये. आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते आणि तिच्या नोंदी स्वयंसेवकांनी काठावर उभे राहून केलेल्या मोजणीतूनच तयार होतात. एखाद्या पाणथळ जागेचे महत्त्व अधिकाऱ्यांपुढे मांडताना ‘खूप पक्षी येतात’ असे सांगून भागत नाही, तेथे आकडे लागतात. आठवीच्या मुलाला हे काम समजते आणि आपल्या नोंदीला किंमत आहे हे कळल्यावर ते मूल अधिक काळजीने पाहते.

आम्ही जायकवाडीच्या जलाशयावर मुलांना एकाच जातीची मोजणी देतो आणि त्यासाठी वारकरी सर्वांत सोयीचा ठरतो, कारण काळे अंग आणि पांढरे कपाळ यांमुळे तो चुकत नाही. थव्यातील दहा पक्षी नीट मोजायचे, ते डोळ्यांना किती जागा व्यापतात हे ध्यानात ठेवायचे आणि तेवढ्या जागा पूर्ण थव्यात किती बसतात ते पाहायचे. तीन मुलांनी एकमेकांना न सांगता आकडा लिहायचा आणि मग तिन्ही आकडे शेजारी ठेवायचे. आकड्यांत फरक पडतोच, आणि तो का पडला यावर जी चर्चा होते, ती गणिताच्या तासाला थेट वापरता येते. आकाशात दलदल भोवत्या हा शिकारी पक्षी आला की विखुरलेले वारकरी झपाट्याने एकत्र गोळा होतात. त्या क्षणी मोजणी सोडून तेच पाहू द्यावे.

उत्तर ४ | निसर्गशिक्षण कार्यकर्ता, नाशिक

एकाच जातीची मोजणी आणि तीही अंदाजाची शिस्त शिकवण्यासाठी असेल, तर माझी अजिबात हरकत नाही. माझा विरोध जातींची संख्या वाढवण्याच्या शर्यतीला आहे. फक्त खोलीची रेघ आधी पूर्ण होऊ द्यावी आणि मोजणी नंतर घ्यावी. सुरुवातीलाच आकडा मागितला की मुले पक्ष्याच्या पायांकडे आणि चोचीकडे पाहत नाहीत.

याला जोडून आणखी एक निरीक्षण मुलांवर सोपवावे. खाद्य शोधणाऱ्या बदकांची डोकी पाण्यात असतात. आपण जवळ गेलो किंवा मोठ्याने बोललो की आधी एक-दोन डोकी वर येतात, मग सगळी, मग थवा हळूहळू दूर पोहू लागतो आणि शेवटी उडतो. प्रत्येक गटात एका मुलाने केवळ डोक्यांवर लक्ष ठेवावे आणि ती वर येऊ लागताच हात वर करून गटाला थांबवावे. शिक्षकांनी ‘शांत बसा’ म्हणण्यापेक्षा हा उपाय खूपच जास्त चालतो, कारण येथे शांततेचे कारण समोर दिसत असते. मध्य आशियातून आणि लडाखसारख्या प्रदेशातून आलेल्या चक्रवाकाला विनाकारण पुन्हा पुन्हा उडायला लावले तर त्याने खाऊन साठवलेली ऊर्जा वाया जाते, हे मुलांना सांगितले की त्यांना ते लगेच पटते.

उत्तर ५ | शेतकरी, गोदाकाठ, निफाड तालुका

ताई, मी याच पट्ट्यात शेती करतो. अनेक शाळा येतात आणि जातात, पण काठावरच्या माणसांशी कोणी बोलत नाही, याचे वाईट वाटते. अभयारण्याच्या हद्दीत केवळ पाणी नाही, आमच्या शेतजमिनी आणि गावेही आहेत. आपण मुलांना अर्धा तास एखाद्या शेतकऱ्याजवळ बसवावे आणि त्यांना हवे ते विचारू द्यावे : कालव्याला पाणी कधी सुटते, ते कोठपर्यंत जाते, पक्षी पिकात उतरतात तेव्हा काय करता, पूर आला तेव्हा काय झाले. या बंधाऱ्याच्या कालव्यांचे पाणी खाली अहिल्यानगर आणि छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांतील शेतीला जाते. म्हणजे ज्या पाण्यात थापट्या खातो, तेच पाणी पुढे कोणाच्या तरी उसाला लागते. हे मुलांना कळले पाहिजे.

दुसरी गोष्ट, जलपर्णी लपवू नका. गाईडला वाटते की पाहुण्यांना स्वच्छ भाग दाखवावा आणि त्यात त्याची चूकही नाही. पण ही वनस्पती मूळची दक्षिण अमेरिकेतली आहे आणि पाण्यात सांडपाण्याचे व खतांचे अंश वाढले की ती फोफावते. वरच्या अंगाला नाशिक शहर आहे आणि काठाने आमचीच द्राक्षे, ऊस आणि भाजीपाला आहे. दोघांचाही वाटा त्यात आहे, हे मी शेतकरी असूनच सांगतो. जलपर्णीने पाणी झाकले की खाली उजेड जात नाही, पाण्यातला प्राणवायू घटतो, तळाच्या वनस्पती मरतात आणि त्या खाणाऱ्या वारकऱ्यासारख्या पक्ष्यांनाही जागा सोडावी लागते. एका गटाला हाच पट्टा नेमून द्यावा आणि मोकळ्या पाण्यातील व जलपर्णीच्या भागातील पक्षी वेगळे लिहायला सांगावे. ही मुले मोठी होऊन शेती करोत की शहरात जावोत, नदीत काय सोडायचे हे त्यांनाच ठरवायचे आहे.

आणि तारीख ठरवताना आवर्तनाची, म्हणजे कालव्याला पाणी सोडण्याच्या पाळीची, चौकशी करा. पाणी सोडल्यामुळे पातळी उतरली की चिखल उघडा पडतो आणि चिखलात खाणारे पक्षी काठाजवळ येतात. पाणी तुडुंब असेल तर तेच पक्षी पांगतात आणि मुलांना दूरवर नुसते ठिपके दिसतात.

प्रश्नकर्तीचे उत्तर | विज्ञान शिक्षिका, सिन्नर तालुका

सर्वांची मनापासून आभारी आहे. यादीचे काम थांबवले आहे आणि बरणीचा प्रयोग दोन्ही तुकड्यांत लावला आहे. मुख्याध्यापकांशी बोलणे झाले. दोन दिवसांच्या दोन बसचा खर्च त्यांना जास्त वाटत होता, परंतु एका तुकडीच्या दिवशी दुसरी तुकडी गावच्या पाझर तलावावर काम करेल आणि मग अदलाबदल होईल, असे सुचवल्यावर त्यांनी मान्यता दिली. मूळ विचार दोन्ही तुकड्या दोन बसने एकाच दिवशी नेण्याचा होता, त्यामुळे बसची एकूण संख्याही वाढत नाही.

दोन शंका उरल्या आहेत. माझ्या वर्गात एक विद्यार्थी कुबड्यांवर चालतो आणि एका विद्यार्थिनीला दूरचे फारच कमी दिसते. त्यांना ‘मदतनीस’ म्हणून कडेला बसवणे मला मान्य नाही. तसेच टेलिस्कोप एकच मिळाला तर तेरा मुलांच्या गटात तो कसा फिरवावा?

उत्तर ६ | निसर्गशिक्षण कार्यकर्ता, नाशिक

कुबड्या वापरणाऱ्या मुलाच्या गटाला मनोरा देऊच नये. गाडी जेथपर्यंत जाते त्याच्या जवळचा काठ त्या संपूर्ण गटाला द्यावा, म्हणजे त्याच्यासाठी वेगळी सोय केल्यासारखे वाटणार नाही. गाईडला आधी कल्पना दिल्यास तो जागा सुचवतो. सोबत घडीची खुर्ची न्यावी.

विद्यार्थिनीच्या गटाला आवाजांचा नकाशा करायला द्यावा आणि तो सर्वांनीच करावा. कागदाच्या मध्यभागी स्वतःची जागा दाखवायची, डोळे मिटून दहा मिनिटे ऐकायचे आणि ज्या दिशेने, जितक्या अंतरावरून आवाज आला तेथे खूण करायची. चक्रवाकाची नाकातून आल्यासारखी हाक, टिटवीचा इशारा, पाणवनस्पतींतून येणारी जांभळ्या पाणकोंबड्यांची कुरकुर, त्याचबरोबर पाण्याचा पंप आणि रस्त्यावरचा ट्रॅक्टर, सगळे लिहायचे. ज्यांना कमी दिसते त्यांचे नकाशे बहुधा सर्वांत तपशीलवार असतात आणि पाणवनस्पतींत लपलेले पक्षी कोठे आहेत हे त्यांच्यामुळेच इतरांना कळते.

टेलिस्कोपचा स्टँड सर्वांत बुटक्या मुलाच्या उंचीला लावून ठेवावा, सारखा वरखाली करत बसू नये. मुलांना रांगेत उभे करू नये. ती आपल्या रेघेवर काम करत असताना एकेकाला बोलवावे आणि पाहून आल्यावर त्याने शेजारच्याला एकच गोष्ट सांगावी, जी नुसत्या डोळ्यांनी दिसत नव्हती. शाळेत दुर्बीण असल्यास आधी मैदानावर, फळ्यावरचे अक्षर दुरून वाचण्याचा सराव घ्यावा, नाहीतर काठावरचा निम्मा वेळ फोकस लावण्यातच जातो. आदल्या दिवशी गाईडला दूरध्वनी करून पाण्याची पातळी विचारावी आणि त्यानुसार गटांच्या जागा बदलण्याची तयारी ठेवावी.